दहा सेकंदांत पाच

मागच्या रविवारी कोल्हापुरात नेमबाजीतल्या २५ मीटर स्टँडर्ड पिस्तुलाची पूर्ण चाचणी देऊन आलो. ६० गोळ्या, तीन टप्पे आणि डोक्यावर घड्याळ. बेळगावातून या वाटेला लागलेल्या माणसाला मराठीत नीट समजावून सांगणारं पटकन कोणी भेटत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहून काढतोय. कागदपत्रांचं रामायणही घेतलंय, कारण अख्खा हिवाळा त्यातच गेला.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रोमीटर, बोअर गेज आणि रिजेक्शनवरून सुपरवायझरशी वाद. या सवयीचा पुढे संबंध येतो.

१ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं ब्राँझ मिळालं. त्या आठवड्यात आमच्या कँटीनमध्ये दुसरा विषयच नव्हता. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत या कोल्हापूरच्या नेमबाजांची नावं इकडे आधीपासून ओळखीची. राजधानी बेंगळूर असली तरी कोल्हापूर आम्हाला हाकेच्या अंतरावर. मुलगी तेव्हा नववीत होती. तिला एअर पिस्तूल शिकायचं म्हणून शहरातल्या एका रेंजवर घेऊन गेलो. तिनं दिवाळीनंतर सोडलं, मी राहिलो. ‘पप्पा, माझी फी तुम्ही वसूल करताय,’ असं ती अजून म्हणते.

दहा मीटर एअर पिस्तुलात इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉटना ७५ मिनिटं मिळतात. म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. दहा मार्कांचं मधलं वर्तुळ फक्त ११.५ मिमीचं, त्यामुळे खेळ सोपा मुळीच नाही. खरं हात हलला की पिस्तूल खाली ठेवायचं, श्वास घ्यायचा, परत उचलायचं. नको असलेला शॉट मारायची सक्तीच नाही. डिसेंबरपर्यंत माझे मार्क ६०० पैकी ५२० च्या आसपास येऊन थांबले. महिन्याला २,००० रुपये फी, ५०० पेलेटचा डबा हजार-बाराशेला, एवढा खर्च. तिथल्या कोचना विचारलं, मी सुधारतोय का नुसता सावकाश झालोय? ते हसले आणि म्हणाले, ‘पॉइंट टू टू मारा ओ एकदा, वेळ लावून. मग कळतंय.’ पॉइंट टू टू म्हणजे .२२ बोअरचं, काडतुसाचं पिस्तूल.

आता लायसन्सचं. हा प्रश्न पाहुण्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे विचारतात. ४.५ मिमी बोअरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे परवाना लागत नाही. पॉइंट टू टू हे मात्र पक्कं अग्निशस्त्र. मी वापरतो ते क्लबचं, क्लबच्या परवान्यावरचं. रेंजवर हातात घ्यायचं, तिथंच जमा करून घरी यायचं. स्वतःचं घेणाऱ्यानं परवान्यावर कुठलं क्षेत्र लिहिलंय ते आधी वाचावं. फक्त कर्नाटकापुरता असेल तर ते हत्यार राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याच्या पलीकडे नेता येत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये कोल्हापूरच्या एका क्लबात अर्ज केला. यादी साधीच होती: आधार, फोटो, डॉक्टरांचा फिटनेस दाखला, दोन जुन्या सभासदांची शिफारस आणि पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र. शेवटचं कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधु पोर्टलवरून मागवलं. पोलीस घरी येऊन गेले, समोरच्या किराणावाल्याला माझ्याबद्दल विचारून गेले (त्यानं उधारीचं काढलं नाही, हे उपकार), आणि साधारण तीन आठवड्यांत प्रमाणपत्र हातात आलं. कन्नडमध्ये. मला वाचता येतं, शाळेत शिकलोय. क्लबातल्या कारकुनांना कुठून येणार? त्यांनी कागद खालून वर बघितला आणि शांतपणे म्हणाले, ‘ह्यात तुम्ही सज्जन आहात असंच लिहिलंय, हे मला कसं कळायचं?’

त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. कोर्टाजवळ एका वकिलाकडून इंग्रजी भाषांतर करून नोटरी केली, ६०० रुपये. ते घेऊन गेलो तर नवीन निघालं: आधारवर बेळगाव, प्रमाणपत्रावर बेळगावी. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं आणि माझं आधार त्याच्या आधीचं. मग दोन्ही एकच गाव असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणखी ४०० रुपये. सीमाभागातल्या कोणाला जायचं असेल तर आधारचा पत्ता आधी दुरुस्त करा, बाकी सगळं नंतर.

फेब्रुवारीत आणखी एक खोडा. कंडक्टरला झालेल्या मारहाणीवरून वातावरण तापलं आणि दोन्ही राज्यांच्या एस.ट्या काही दिवस एकमेकांच्या हद्दीत जाईनात. मूळ कागद दाखवायची तारीख त्यातच आली. निपाणीपर्यंत इकडची बस, पुढे वडाप, म्हणजे शेअर जीप. अशा दिवसांत परतीच्या प्रवासाची सोय आधी बघून निघावं, संध्याकाळी वडापही मिळत नाही.

कागद फिरत होते तोवर एक चांगलं काम झालं, चष्म्याचं. माझं वय ४६. प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) स्पष्ट दिसायला मान वर करावी लागायची आणि मान हलली की सगळंच हललं. नेमबाजीत टार्गेट थोडं धूसर दिसलेलं चालतं, फ्रंट साइट मात्र धारदार दिसली पाहिजे. डोळ्यांच्या डॉक्टरांना पिस्तूल धरल्यासारखा हात लांब करून दाखवला आणि डोळ्यापासून साइटपर्यंतचं अंतर टेपनं मोजून दिलं. त्यांनी फक्त त्या अंतराचा एकच नंबर काढला. फ्रेमसकट १,८०० रुपये. चाळिशी ओलांडलेल्यांनी नवीन ग्रिप, नवीन बूट यांच्या आधी हे करावं.

मार्चअखेर सभासद झालो. एप्रिलमध्ये पॉइंट टू टू हातात आलं. आवाजाची सवय व्हायला वेळ लागला. कानावर मफ असूनही शेजारच्या लेनमधला आवाज छातीत जाणवतो. शिकवणारे सर फौजेतून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. मला ते पहिल्या दिवसापासून ‘बेळगाववाले’ म्हणतात.

आता चाचणी म्हणजे काय ते सांगतो. अंतर २५ मीटर, पिस्तूल एका हातात, ट्रिगरचं वजन किमान एक किलो. आधी सायटरची, म्हणजे मार्कांत न धरायच्या अंदाजाच्या गोळ्यांची, एक सिरीज. मग पाच-पाच गोळ्यांच्या चार सिरीज, प्रत्येकीला १५० सेकंद. मग चार सिरीज २० सेकंदांच्या. मग चार १० सेकंदांच्या. टार्गेट शेवटपर्यंत तेच: दहाचं वर्तुळ ५० मिमी, काळा भाग २०० मिमी. प्रत्येक टप्पा २०० मार्कांचा, एकूण ६००. हत्यार, अंतर, कागद, माणूस तेच, बदलतो तो एकटा वेळ. शॉपमध्ये आम्ही मशीनची तपासणी अशीच करतो, बाकी सगळं बांधून ठेवायचं आणि एकच गोष्ट हलवायची. सरांनी पहिल्यांदा समजावलं तेव्हाच या प्रकारावर माझं मन बसलं.

क्लब ही चाचणी दर तीन महिन्यांनी घेतो. माझी पहिली मे महिन्यात झाली. काडतुसं क्लबकडूनच, एका राउंडला ३० रुपये. सायटर धरून ६५ राउंडचे १,९५० आणि रेंजचे ३००.

१५० सेकंदांचा टप्पा ओळखीचा वाटला. सावकाश मारलं, १६८ आले. २० सेकंदांना हात आधी खाली, ४५ अंशांत धरावा लागतो. ‘लोड’ म्हटल्यावर एक मिनिट. मग ‘अटेन्शन’, टार्गेट कड दाखवून वळतं आणि सात सेकंद काहीच होत नाही. एवढे लांब सात सेकंद मी आयुष्यात पाहिले नव्हते. कागद खटकन समोर वळतो तेव्हा हात आपोआप उसळतो आणि साइट टार्गेटच्या वर जाऊन परत खाली येते. १४१. दहा सेकंदांच्या तिसऱ्या सिरीजमध्ये चौथी गोळी सुटली तेव्हा कागद वळायला लागलेला होता, पाचवी तर मोकळ्या मातीत.

नंतर सरांबरोबर टार्गेटपाशी गेलो. त्या चौथ्या गोळीचं भोक सातच्या रेषेला चिकटलेलं, पण गोल नव्हतं, आडवं ओढलं गेलेलं. मी म्हटलं, सात मार्क. सरांनी खिशातून एक पारदर्शक पट्टी काढली, त्यावर दोन बारीक रेघा. भोकावर ठेवली. पॉइंट टू टूची गोळी ५.६ मिमीची, वळत्या कागदावर भोक आडवं ७ मिमीपेक्षा जास्त लांबलं तर गोळी वेळेनंतर गेली असं धरतात. माझं दोन्ही रेघांच्या बाहेर होतं. शून्य. खरं सांगतो, मार्क गेल्याचं दुःख बाजूला राहिलं. गो, नो-गो गेज, म्हणजे माप मर्यादेत आहे का नाही एवढंच सांगणारं शॉपमधलं मापक, इथं बघायला मिळेल असं वाटलंच नव्हतं. पट्टी मागून घेतली आणि उजेडात धरून बघत बसलो. दहा सेकंदांचे झाले ९७. एकूण ४०६.

म्हणजे १६८ मारणारा हात वेळ आवळल्यावर ९७ वर येतो. दहा मीटरवर सहा महिने मारून ही दरी मला दिसलीच नव्हती. सरांनी मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ हळू करून दाखवला. कागद वळल्यापासून माझी पहिली गोळी सुटायला पावणेपाच सेकंद लागले होते. उरलेल्या सव्वापाच सेकंदांत चार गोळ्या कोंबायच्या म्हटल्यावर बोट ट्रिगर ओढत नव्हतं, झटकत होतं. उजव्या हातानं मारणाऱ्याचा झटका कागदावर खाली डावीकडे उतरतो, आणि माझी भोकं तिथंच गोळा झाली होती.

‘वेळ चोरायची असेल तर हात उचलण्यात चोरा. ट्रिगरच्या वाट्याची चोरायची नाही,’ सर म्हणाले. हिशेब करून दिला: पहिली गोळी तीन सेकंदांच्या आत, मग बाकीच्या चौघींना प्रत्येकी पावणेदोन सेकंद. पावणेदोन सेकंद ऐकायला कमी वाटतात, खरं ट्रिगर सरळ मागे यायला पुरतात.

जून ते ऑगस्ट पाऊस. इकडे खानापूर, चोर्ल्याकडून ढग नुसते ओतत होते. रविवारी जमेल तेव्हा कोल्हापूर, एरवी घरी ड्राय, म्हणजे गोळी न घालता सराव. क्लबातल्याच एकाचं जुनं एअर पिस्तूल ४५,००० ला घेतलं होतं. हॉलच्या भिंतीवर, डोळ्यापासून अडीच मीटरवर, २० मिमीचा काळा गोल चिकटवला. अंतर दहापट कमी, गोल दहापट लहान, म्हणून तो २५ मीटरवरच्या २०० मिमीच्या काळ्याएवढाच दिसतो. मोबाईलमध्ये दोन बीपचा टायमर, मध्ये तीन सेकंद. पहिल्या बीपला हात ४५ अंशांतून वर, दुसऱ्याच्या आत एक क्लिक. एवढंच. एअर पिस्तूल प्रत्येक शॉटला पुन्हा कॉक करावं लागतं, त्यामुळे पाच गोळ्यांची लय घरी बसत नाही, पहिली गोळी मात्र पक्की होते. पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत, नळी रिकामी असल्याचं दोनदा बघायचं आणि ज्या भिंतीकडे धरायचं तिथं दार नको. बायको म्हणाली, ‘अहो, त्या बीपनं मला झोपेत पण हात वर करावासा वाटतोय.’ मग इयरफोन घातला.

रेंजवर सरांनी या काळात महिलांच्या २५ मीटर पिस्तुलाचा रॅपिड टप्पा करून घेतला. त्यात टार्गेट तीन सेकंद दिसतं, सात सेकंद वळतं, आणि प्रत्येक वेळी एकच गोळी. राहीनं २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण घेतलं ते या प्रकारात. माझ्या पहिल्या गोळीला हवे होते ते नेमके हेच तीन सेकंद. तिथं एक गोष्ट लक्षात आली. साइट पूर्ण थांबायची वाट बघायची नाही. हात वर येताना बोटानं ट्रिगरचा पहिला भार घेऊन ठेवायचा, आणि साइट काळ्याच्या खाली पोहोचेपर्यंत दाब वाढत गेलेला असला पाहिजे. टार्गेट फिरवणारी मशीन पावसाळी हवेत अधूनमधून अडकायची, तेव्हा सर स्वतःच शिट्टी फुंकायचे.

शॉपमधला एक मित्र मला अमेरिकेतले व्हिडिओ पाठवायचा. होल्स्टरमधून पिस्तूल काढून पाच-सहा गोळ्या दोन सेकंदांत. त्यातली ‘एल प्रेसिडेंटे’ नावाची कसरत जेफ कूपरची: १० यार्डांवर तीन टार्गेट, मागे वळायचं, प्रत्येकावर दोन, मॅगझिन बदलायचं, परत दोन-दोन. तिकडच्या सामन्यांत मार्कांना लागलेल्या वेळेनं भागतात आणि त्यावर नंबर लावतात. बघायला भारी. आमच्या क्लबात होल्स्टरला बंदी आहे आणि ती बरोबर आहे असं माझं मत. माझेही मार्क मी एकदा वेळेनं भागून बघितले. इथं वेळ ठरलेली असल्यामुळे आठ सेकंदांत संपवल्याचं काही बक्षीस नाही. उलट उरलेले दोन सेकंद वाया गेलेले असतात. तो कॉलम पुसून टाकला.

त्याऐवजी वहीत तीन गोष्टी लिहू लागलो: पहिल्या गोळीची वेळ, प्रत्येक टप्प्यातली सगळ्यात वाईट सिरीज, आणि दहा सेकंदांचे मार्क १५० सेकंदांच्या किती टक्के. सरासरी लिहायची सोडली. सरासरीत एक झकास सिरीज दोन भिकार सिरीजना पोटात घेते. मे महिन्यात टक्केवारी होती ५८.

मोबाईलचे शॉट टायमर आवाजावर चालतात आणि शेजारच्याची गोळी पण तुमच्या नावावर मोजतात, म्हणून रेंजवर त्यांचा उपयोग नाही. कोणाला तरी व्हिडिओ घ्यायला सांगा. पिस्तूल अडकलं तर ओढाताण करू नका. नळी टार्गेटकडेच ठेवून मोकळा हात वर करायचा, बाकी रेंज ऑफिसर बघतो.

ऑगस्टच्या चाचणीत १६६, १५० आणि ११८ आले, एकूण ४३४. सावकाशीचे दोन मार्क कमी झाले म्हणून मी तोंड पाडून बसलो होतो. सरांनी वही मागितली, टक्केवारीच्या आकड्यावर बोट ठेवलं, ७१, आणि चहा सांगितला.

आणि मागच्या रविवारची. पहाटेच्या बसनं निघालो, बेळगाव ते कोल्हापूर ११० किलोमीटरच्या आसपास, अडीच-तीन तास धरून चालायचं. पोटात काही ठरत नव्हतं म्हणून फक्त दोन केळी. नोव्हेंबरची हवा कोरडी आणि उजेड चांगला. १५० सेकंदांत १७१. वीसमध्ये १५७. दहाच्या आधी पाच मिनिटं मिळाली, तेव्हा कोणाशी बोललो नाही, हात झटकून सैल केला. सात सेकंदांचं आता ओझं वाटत नाही. त्यात मी मनगट घट्ट करतो, फ्रंट साइट येणार त्या जागेकडे डोळे लावतो आणि अर्धा श्वास सोडून थांबतो. पहिल्या तीन सिरीजमध्ये पाचही गोळ्या वेळेत. चौथीत तिसऱ्या गोळीला साइट डावीकडे घसरली, दिसलीही, खरं बोट थांबलं नाही आणि पाच मार्कांवर बसली. दहाचे १३४, एकूण ४६२. टक्केवारी ७८. शून्य एकही नाही, सरांची पट्टी खिशातच राहिली.

४६२ म्हणजे काय ते कळावं म्हणून सांगतो: एरिक बुल्युंग नावाच्या अमेरिकन नेमबाजानं १९८३ मध्ये याच प्रकारात ५८४ केले होते. ऑलिंपिकच्या रॅपिड फायरमध्ये तर पाच वेगवेगळ्या टार्गेटवर पाच गोळ्या आधी ८, मग ६ आणि शेवटी ४ सेकंदांत मारतात. आपल्या विजय कुमारनं २०१२ ला लंडनमध्ये त्यात रौप्य घेतलं. चार सेकंदांत माझी दुसरी गोळीसुद्धा सुटलेली नसते.

स्पर्धेचं पण लोक विचारतात. कोल्हापूरच्या क्लबात मी सराव करू शकतो, पण रहिवासी कर्नाटकचा, त्यामुळे राज्य स्पर्धा खेळायची तर कर्नाटकाकडून, म्हणजे बेंगळूर, राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं एक रात्र. तूर्त तिकडे जायचा विचार नाही. दहा सेकंदांचे १५० होईपर्यंत कोल्हापूरच बरं.

पुढची चाचणी फेब्रुवारीत. त्याआधी चारित्र्य प्रमाणपत्र नवं लागणार, क्लब दरवर्षी मागतो. या वेळी भाषांतराच्या दोन नोटरी प्रती एकदमच करून घेणार आहे, एक क्लबला आणि एक घरी. आधारवरचा पत्ता मात्र दुरुस्त झालाय, त्यामुळे प्रतिज्ञापत्राचे ४०० रुपये वाचतील. म्हणजे तेरा राउंड.